अंगावरचं आणि डब्यातलं

गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात कारंज्याच्या अंबेची एक घरगुती अडचण आली आहे. पोटी अलौकिक बाळ आलंय, जन्मताच ओंकार म्हणणारं, आणि आईला घोर कसला, तर अंगावरचं दूध पुरत नाही याचा. ती नवऱ्याला म्हणते, एखादी दाई बघा, नाहीतर शेळी तरी आणा. बाळ ते ऐकतं, आईच्या छातीला हात लावतं आणि बत्तीस धारा सुटतात. वस्त्रं भिजतात, दूध जमिनीवरून वाहायला लागतं. चमत्कार बाजूला ठेवला तरी उरतं ते सगळं ओळखीचं आहे. दूध पुरत नसल्याची धास्ती, ती नवऱ्याच्या कानावर घालणं, आणि समोर असलेले दोन पर्याय, दोन्ही खर्चाचे.

आम्ही कडगंचीचे. हा ग्रंथ लिहिणारा सरस्वती गंगाधर आमच्या गावच्या, त्या बाळाचे पुढे शिष्य झालेल्या सायंदेवांच्या वंशातला. त्याच्या घरची भाषा कानडी, ग्रंथ मराठीत. गावात सायंदेवांचं दत्तक्षेत्र आहे, मूळ पोथी तिथेच आहे अशी श्रद्धा आहे, आणि गाणगापूरला निघालेल्या महाराष्ट्रातल्या गाड्या वाट वाकडी करून इथे येतात. बायकांनी ही पोथी वाचू नये असं बजावणारेही अजून आहेत. दूध पुरत नाही ही बाईची तक्रार जिच्यात नोंदलेली आहे ती पोथी बाईनंच उघडायची नाही, हा न्याय मला कधी पटला नाही. मी ती वाचली, लेकीनंही वाचली. बाळंतपणाला आली तेव्हा शेळीचा विषय तिनंच काढला. म्हणाली, "आई, त्या अंबेला दोनच पर्याय होते गं. माझ्या फोनवर बघ किती आहेत."

पण फोनवरच्या दूध काढायच्या पंपांच्या आधी आमच्या घरात आला तो पंप पाच-दहा रुपयांचा होता. लेकीची एका बाजूची बोंडशी आत ओढलेली. बाळ तोंड लावायचं, पकड सुटली की चिडायचं, तिसऱ्या झटापटीला आई आणि बाळ दोघंही रडकुंडीला. दवाखान्यातल्या वयस्क सिस्टरनं एक मोठी सिरिंज मागवली. सुई जिथे बसते ते टोक तिनं ब्लेडनं कापलं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूनं उलटा आत सरकवला, आणि नळीची मूळची गुळगुळीत कड बोंडशीवर टेकवून दट्ट्या हलकेच मागे ओढला. बोंडशी बाहेर आली. तिनं दट्ट्या सोडला, पुन्हा ओढला, आणि लगेच बाळाला लावलं. कापलेली कड अंगाकडे येऊ द्यायची नाही, ओढ किती ते आईच्या हातात ठेवायचं, एवढ्याच तिच्या सूचना. ही युक्ती आमच्याच कर्नाटकातली आहे. दावणगेऱ्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. मला ती फार आवडते. साध्या सिरिंजमधून, एका ब्लेडच्या कापानं, नेमकं हवं ते साधलं आहे, आणि वापरणारीला कंपनीचं नावसुद्धा माहीत असायची गरज नाही.

बाळ पकडायला लागलं तशी घरातली चर्चा पुढच्या पायरीवर गेली. नोकरी कलबुर्गीला, आळंद रोडनं बसचं येणंजाणं, बाळ दिवसभर माझ्याजवळ. मग दूध काढून ठेवावं लागणार. लेकीनं फोन माझ्यापुढे धरला. हातानं दाबायचे पंप, विजेवरचे पंप, एका बाजूचे, दोन्ही बाजूंचे, आणि अंगातल्या कपड्यातच बसवायचे, बाहेरून काही दिसू न देणारे. हजाराच्या आतल्यापासून जी किंमत चढते ती वीस हजारांच्याही वर जाते. जावयांनी अर्थातच सर्वांत महागावर बोट ठेवलं. पुरुषमाणसाला काळजी व्यक्त करायची झाली की किंमत वर जाते, हे मी फ्रिजपासून पाळण्यापर्यंत बघत आले आहे. वाईट काही नाही त्यात, पण तो निवडीचा निकष होऊ शकत नाही.

या यंत्राचा इतिहास वाचला तर त्यात गोठ्याचा वास येतो. अमेरिकेत ओर्वेल नीडम नावाच्या गृहस्थानं १८५४ साली पंपाचं पेटंट घेतलं. पुढे गायींसाठी यंत्रं निघाली, आणि बाईसाठीही तीच ओढ लावून पाहण्याचा मोह कुणाकुणाला झाला. त्या ओढीनं बाईला इजा होते हे नीट मोजून सांगितलं ते आयनार एग्नेल या स्वीडिश अभियंत्यानं, १९५६ च्या सुमारास. पाऱ्याच्या दोनशे मिलिमीटरच्या आसपास ओढ ठेवावी, ओढून-सोडून असा ताल असावा, हे त्याचं म्हणणं आजच्या पंपांतही दिसतं. त्याच्या यंत्राला ज्या इस्पितळातल्या परिचारिकेच्या मदतीनं चाचण्या झाल्या तिचं नाव दिलं गेलं: सिस्टर मायाचा पंप. माया म्हणजे आपली माया नाही हे मला कळतं, पण वाचताना हसू आलंच.

आजचे पंप आधी भराभर, हलकं ओढतात आणि मग सावकाश, खोल. बाळ असंच करतं. आधी चुटूचुटू ओढून आईला जागं करतं, पान्हा फुटला की लांब लांब घोट घेतं. हे आम्हा खेड्यातल्या माणसांना सांगायला इंजिनिअर लागत नाही. रेडकू सोडल्याशिवाय म्हैस पान्हावत नाही. रेडकानं आधी दोन ढुशा द्यायच्या, मग भांडं खाली. म्हशीच्या आणि बाईच्या रक्तात त्या वेळी उतरतं ते द्रव्यही एकच, ऑक्सिटोसिन. लबाड गवळी म्हशीला चोरून टोचतात ते हेच. याच गुरुचरित्रात बाविसाव्या अध्यायात गाणगापूरच्या गरीब ब्राह्मणाची वांझ, दात पडलेली, माती वाहून थकलेली म्हैस आहे. स्वामींनी, म्हणजे कारंज्याच्या त्याच बाळानं मोठेपणी, भिक्षेला दूध मागितलं आणि ती भांडी भरून दुभली. मला त्या म्हशीचं नेहमी वाटतं, तिच्याकडे तोवर कुणी दूध मागितलंच नव्हतं. ओझं वाहणाऱ्याकडून ओझ्यापलीकडचं काही मागायचं आपल्याला सुचत नाही.

लेक पुढे कामावर जायला लागल्यावर पंप लावायच्या आधी फोनवर बाळाची चित्रफीत बघायची. आवाज बंद करून. ढुशा देणारं रेडकू म्हणजे ते.

पंप मुळात नोकरदार बाईसाठी निघाला नाही, हेही ध्यानात ठेवावं. तो इस्पितळात होता, अपुऱ्या दिवसांच्या, ओढायची ताकद नसलेल्या बाळांसाठी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथे आयांनी काढून दिलेलं जादा दूध निर्जंतुक करून दुसऱ्यांच्या अशक्त बाळांना मिळतं. अंबेला हवी होती ती दाईच ही, बाटलीतून आलेली. पोथीतला पर्याय पालिकेच्या इस्पितळात चालू आहे आणि त्यावर एकही अध्याय नाही.

माझ्या वेळी आमच्या भागात पंप होता तो काचेचा. त्याला मागे रबराचा फुगा. औषधाच्या दुकानात मिळायचा. फुग्यात दूध शिरलं की आतून धुता येत नाही, म्हणून डॉक्टर आता तो नकोच म्हणतात; माझ्या आईनं तेव्हाच नको म्हटलं होतं, पण तिचं कारण वेगळं. तिला तो हॉर्नसारखा दिसायचा. मी आळंद तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका. रजा आताच्यापेक्षा पुष्कळ कमी, बाळ घरी, शाळा दोन गावं पलीकडे. मधल्या सुट्टीपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. दुसरीतल्या कुणाचं धाकटं भावंड दाराशी येऊन रडलं की माझा पदर भिजायचा. फळ्याकडे तोंड करून मी पाढे म्हणून घ्यायची. नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत, भारताच्या गुंडाळलेल्या नकाशांमागे बसून हातानं दूध काढायचं, डब्याच्या झाकणात. अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे दाबायचं आणि मग पुढे. कुणी शिकवलं नव्हतं. ते दूध पायदळी येऊ नये म्हणून खोलीमागच्या लिंबाच्या बुडाशी ओतायचं, हे मात्र आईनं शिकवलं होतं. रोज वाटीभर दूध त्या लिंबानं प्यायलं. घरी बाळ वरचं दूध पीत होतं, पाणी घालून पातळ केलेलं गायीचं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे.

तेव्हा झाकणातलं दूध बाळापर्यंत नेता येईल हा विचारच मनात आला नाही. बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता, आणि सर्वांत मुख्य म्हणजे तसं करतात हे ऐकलेलं नव्हतं. म्हणून पंपाची कुचेष्टा करणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांचं मला पटत नाही. "आमच्या वेळी कुठं होतं हे," म्हणतात. नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्या पोरांनी दिली.

लेकीची रजा २६ आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीनं आधीचे १२ आठवडे वाढून एवढे झाले, पहिल्या दोन मुलांसाठी. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आणि हा कायदा कागदावर बरोबर जुळतात. पण २६ पैकी आठ आठवड्यांपर्यंत रजा बाळंतपणाआधी घेता येते, आणि जिचे पाय सुजलेत, जिला रोज बसचा प्रवास आहे, ती घेतेच. मग बाळ पाच महिन्यांचं व्हायच्या आतच हजेरीपट आईची वाट बघायला लागतो. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टी, हे तर १९६१ च्या मूळ कायद्यापासूनच आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर हवं, हे २०१७ नं घातलं. लेकीच्या कचेरीत माणसं पन्नासाला कमी. पाजायच्या सुट्टीला कुणी नाही म्हटलं नाही. पण बाळ लांब कडगंचीत असताना त्या सुट्टीत पाजायचं कुणाला?

तर सुट्टीत पंप लावायचा. कुठे बसून? त्यासाठी मिळाली जुन्या फायलींची खोली. आतून कडी नाही. विजेचं बटण आहे, प्लग लावायची सोय नाही. एक सहकारी बाई बाहेर उभी राहायची, कुणी आलं की मोठ्यानं खोकायची. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, नकाशे गेले, फायली आल्या.

पंपाची निवड खरी इथून सुरू झाली. प्लग नाही म्हणजे पंप चार्ज करून नेता येणारा हवा. पहारा देणाऱ्या बाईला फार वेळ उभं करता येत नाही म्हणजे दोन्ही बाजूंना एकदम लावायचा हवा. त्यानं वेळ जवळजवळ निम्मा होतो. दार पातळ म्हणजे घरघर कमी हवी. धुवायला बेसिन सामाईक, म्हणून सुटे भाग जितके कमी तितके बरे, आणि दूध मोटारीच्या नळीत उलटं शिरू नये अशी आत पडद्याची सोय हवी. खोक्यावर छापलेल्या ओढीच्या आकड्यांपैकी एकाचाही या यादीशी संबंध नव्हता. ओढ सगळ्यांचीच पुरेशी होती. कडी कोणाच्याच खोक्यात नव्हती.

कपड्यात लपवायच्या पंपाबद्दल माझं मत कडवट आहे. जिला दुसरा मार्ग नाही तिनं जरूर घ्यावा. पण त्याच्या जाहिरातीतली बाई मीटिंगमध्ये बसून हसत असते आणि आत पंप चालू असतो, हे बघून मला आनंद होत नाही. तिला वीस मिनिटं उठू दिलं असतं तर ते यंत्र कशाला लागलं असतं? फाईलही तिनंच हातावेगळी करायची आणि दूधही त्याच वेळी काढायचं, ही मालकाची सोय आहे. लेक म्हणाली, "आई, तुझं भाषण बरोबर आहे, पण तो घेतला असता तर खोकणारीला उभं राहावं लागलं नसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पंप आला. गावाशेजारी कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आल्यापासून पार्सलवाल्या पोरांना आमची वाट पाठ झाली आहे. २००९ साली ते स्थापन झालं तेव्हा गावात पत्रसुद्धा सावकाश यायचं. खोक्यात दोन कर्णे. या कर्ण्यांची भानगड कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. बहुतेक खोक्यांत २४ मिलिमीटरचा कर्णा येतो, जणू सगळ्या बायका एकाच साच्यातून निघाल्यात. लेकीला पहिले दोन-चार दिवस दुखायचं, कडेला लाल वर्तुळ उठायचं, आणि दूधही थेंब थेंब. तिनं ओढ वाढवली, तसं आणखी दुखलं. शेवटी शाळेच्या पट्टीनं बोंडशीच्या बुडाची रुंदी मोजली. तिला लहान मापाचा, २१ चा, कर्णा हवा होता. मोठ्या कर्ण्यात बोंडशीबरोबर भोवतालची काळी त्वचाही आत ओढली जात होती, म्हणून वळ. लहान कर्णा मागवला आणि ओढ दोन पायऱ्यांनी खाली आणूनही दूध जास्त आलं. तसाच दुसरा कळीचा भाग म्हणजे बदकाच्या चोचीसारखी पांढरी, नखाएवढी झडप. ती जराशी फाटली की मोटार नुसती गुरगुरते. हजारोंचं यंत्र त्या इवल्याशा रबरावर चालतं. आमच्या बोअरच्या पाण्यात उकळून उकळून तिच्यावर पांढरा थर चढला, तेव्हापासून फिल्टरचं पाणी वापरतो.

आता दुधाचा साठा. सूचनापत्रकात लिहिलं होतं: काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं. खाली बारीक अक्षरात: २५ अंशांपर्यंत. कुणाची खोली ही? आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पंख्याखाली ठेवलेलं माठातलं पाणी तेवढं गार, बाकी सगळं तापलेलं. फायलींच्या खोलीत तर वाराही नाही. म्हणून स्टीलचा रुंद तोंडाचा थर्मास, त्यात तळाशी बर्फाचे खडे, त्यावर झाकणबंद लहान डब्या. संध्याकाळी बसमधून उतरली की लेक आधी थर्मास माझ्या हातात द्यायची, मग चपला काढायची. फ्रिजमध्ये ते चार दिवस चालतं असं म्हणतात, पण आमच्याकडची वीज तसं म्हणत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशीच संपवतो. बारा-बारा तास वीज गेलेल्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच पत्रकात नाही. मी त्या दिवशी फ्रिजचं दार कुणाला उघडू दिलं नाही, जावयांनाही नाही.

फ्रिजमधून काढलेली डबी मी प्रथम बघितली तेव्हा धस्स झालं. वर पिवळसर सायीचा पातळ थर, खाली निळसर, पाणचट. म्हशीचं दूध बघून मोठी झालेली माझी नजर. मला वाटलं, हे काय अंगी लागणार? आईचं दूध असंच असतं, आणि स्निग्धांश वर येणार हेही ठरलेलं. हलक्या हातानं डबी फिरवली की एकजीव होतं. गॅसवर ठेवायचं नाही. कोमट पाण्याच्या वाडग्यात डबी उभी करायची. एखाद्या वेळी साबणासारखा वास येतो. दूध नासलेलं नसतं, आईच्या दुधातल्याच एका पाचक द्रव्याचा तो उद्योग. बाळाची तक्रार नव्हती, म्हणून मीही केली नाही.

बाटली आणायची नाही हे दवाखान्यातच ठरलं होतं. वाटी-चमचा, नाहीतर बोंडलं. माझ्या आईचं चांदीचं बोंडलं ट्रंकेत होतं, काळं पडलेलं. ते चिंचेनं घासलं, उकळलं. त्याच्या चोचीचं टोक बाळाच्या खालच्या ओठावर टेकवायचं, ओतायचं नाही. ते जिभेनं आपलं आपण चाटून घेतं. पहिल्या दिवशी निम्मं हनुवटीवरून कानात गेलं. लेकीला हे कळवलं नाही. तिनं खोकणारीच्या पहाऱ्यात काढलेलं दूध मी बाळाच्या कानात घातलं हे कोणत्या तोंडानं सांगणार? चार-आठ दिवसांत त्याला जमलं, मलाही.

खरा त्रास दिला तो डबीवरच्या रेघांनी. दहा, वीस, तीस, असे मिलिलिटर. आमच्या पिढीनं दूध कधी मोजलं नाही. बाळ पीत होतं, झोपत होतं, लंगोट भिजत होते. लेकीला मात्र रोज आकडा दिसायचा. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसही नाहीत. फोनवर म्हणाली, "पुरत नाही गं." कारंज्याच्या अंबेचाच शब्द. पुढे ती ते फोनात लिहून ठेवायला लागली. सकाळचे इतके, दुपारचे इतके, आदल्या दिवसापेक्षा कमी की जास्त. आकडा उतरला की तिचा चेहरा उतरायचा, आणि चेहरा उतरला की दुसऱ्या दिवशी आकडा आणखी खाली. सिस्टरनं तिला स्पष्ट सांगितलं: पंपाला निघतं तेवढंच छातीत असतं असं नाही. बाळ पंपापेक्षा हुशार आहे. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाकाठी सरासरी पाऊण लिटर लागतं, त्यातलं रात्री आणि पहाटे ते आईजवळ स्वतःच भरून काढतं. पुरतं की नाही ते वजनकाट्यावर बघा, दिवसाला सहा-सात वेळा लघवी होते का ते बघा. अंगणवाडीतल्या काट्यावर बाळ बरोबर वाढत होतं. मी एक युक्ती केली. डब्यांवर रंगीत चिकटपट्टी लावली, रेघा झाकून. लेकीनं ती त्याच दिवशी सोलून काढली. म्हणाली, "मला कळायला नको का?" तिचं खरं होतं, मोजल्याशिवाय बाळाच्या उद्याच्या तीन वेळा भागतील की नाही हे ठरवणार कसं? तेव्हा रेघा राहिल्या. फक्त रोजचे आकडे जावयांनी बघायचे आणि एकूण तीनदा पुरेल की नाही तेवढंच तिला सांगायचं, अशी वाटणी झाली. बँकेचं पासबुक त्यांच्याकडे नसतं, पण हे खातं त्यांनी चोख ठेवलं.

बाळंतिणीच्या खाण्यात मी काही कमी केलं नाही. अळीव, डिंक, खारीक-खोबरं, लसणाच्या फोडणीची शेपूची भाजी, आमच्याकडच्या तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी. यानं दूध वाढतं का? डॉक्टर म्हणतात, वाढतं ते वारंवार रिकामं झाल्यानं. मी म्हणते, रिकामं व्हायला आधी बाई धड बसलेली हवी, आणि लाडवानं ती बसते.

आमच्या मागच्या घरात राहणारी एक बाई तुरीच्या काढणीला जाते, तिचं मूल आमच्या बाळाहून महिन्याभरानं मोठं. तिनं एक दिवस पंप उन्हात वाळत घातलेला बघितला. कर्णे, झडपा, डब्या, सगळं पांढऱ्या फडक्यावर मांडलेलं.

"अक्कोरे, हे येष्ट्री?"

मी किंमत सांगितली. बरीच कमी करून सांगितली. तरी तिचे डोळे मोठे झाले. मनातल्या मनात तिनं मजुरीचे दिवस मोजले असणार.

"आन शेतात हे लावायचं कुठं बसून?"

मी म्हटलं, तुला नको, तुला हातानं काढायचं दाखवते. ती हसली. तिला गरजच नव्हती. दुपारी तिची सासू बाळाला पटकुरात गुंडाळून बांधावर आणते, ती बाभळीखाली बसून पाजते, तेवढ्यात सासू तिच्या वाटणीच्या दोन ओळी उपटते. मुकादम काही बोलत नाही. ओळी झाल्याशी त्याला कारण. ही व्यवस्था सुखाची आहे असं मी म्हणणार नाही. उन्हात आणलेलं ते बाळ मी बघितलंय, त्याच्या अंगावरचं घामोळं बघितलंय. सासूची कंबरही बघितली आहे.

जाताना ती म्हणाली, "तुमी हाय की अक्कोरे, पेन्शनवाल्या. दुपारच्या गाडीनं बाळाला तिकडंच घेऊन जावा की. मशीन कशाला?"

संध्याकाळी मी हे लेकीला सांगितलं, गंमत म्हणून. ती डब्या थर्मासातून काढून फ्रिजमध्ये लावत होती, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. आधी हसली. मग एक डबी हातातच धरून माझ्याकडे वळली.

"दुपारची गाडी कलबुर्गीला किती वाजता पोचते गं?"